रिकाम्या हातांची व्हिजिट

नाना, मागच्या ओटीवर बसून आपण औषधाच्या बाटल्यांना लावायच्या पट्ट्या कापायचो, ते तुम्हाला आठवतं का? रविवारची दुपार असायची. जेवणं होऊन आई आत लवंडलेली, विहिरीवरचा रहाट थांबलेला, आणि तुम्ही मांडी घालून कागदाच्या अरुंद घड्या घालत बसलेले. घडीच्या कडेला मी कात्रीनं तिरके काप मारायची. पट्टी उलगडली की तिला दोन्ही अंगांनी दाते फुटलेले दिसायचे. ती खळीनं बाटलीवर चिकटवली की पेशंटला कळायचं, एका वेळी एका दात्याएवढं औषध प्यायचं. माझे दाते लहानमोठे यायचे. तुम्ही पट्टी उजेडात धरायचात आणि म्हणायचात, "हा बघ, हा डोस मोठा झाला. हा पेशंट सगळ्यांच्या आधी बरा होणार." मला ते खरंच वाटायचं. मग ज्या कुणाची मला दया यायची त्याच्यासाठी मी मुद्दाम मोठे दाते कापायची. ते तुमच्या लक्षात यायचं, तरी तुम्ही पट्टी फेकली नाहीत. फार वर्षांनी आईनं सांगितलं की त्या बाटल्यांत तुम्ही पाणी जास्त घालत होता.

आज मी तुमच्याहून मोठी आहे. तुम्ही साठी गाठली नाहीत, मी ती ओलांडून पुढे आले. राहते मात्र तुमच्याच घरात. तुम्ही गेल्यावर आई एकटी पडायला नको म्हणून आम्ही मुलाला घेऊन गिरगावातून इथे अंधेरीला आलो, ते कायमचे. मग आई गेली, काही वर्षांनी हेही गेले. स्वातंत्र्य आलं, त्यालाही आता दहा वर्षं होतील. समोर भाताची खाचरं होती तिथे तीन मजली इमारत उभी आहे, आणि तिच्या गच्चीवरून खाली कोण काय वाळत घालतं ते सगळं दिसतं. सांताक्रूझहून विमानं उडतात ती आपल्या कौलांवरून जातात, कपाटातल्या कपबश्या हलतात. तुमच्या दवाखान्याच्या खोलीत आता शिंपी बसतो. चांगला माणूस आहे. तुमचं बाक त्यानं अजून ठेवलं आहे, गिऱ्हाइकांना बसायला.

आणि तुमचा नातू, जो तुमच्या गळ्यातली नळी ओढून स्वतःच्या कानाला लावायचा, तो सर्जन झाला आहे. मुंबईतल्या मोठ्या हॉस्पिटलात असतो, तिथल्याच क्वार्टरमध्ये राहतो आणि रविवारी मला भेटायला येतो. त्याची बायको, माझी सून, दिवाळीपासून इथेच माझ्याजवळ आहे. कारण माझ्या पोटात गाठ आहे, नाना. गेल्या वर्षी एकदा ऑपरेशन करून काढली, ती परत आली. मुलाला पुन्हा कापायचं आहे, आणि मग लाइटची, म्हणजे किरणांची, ट्रीटमेंट द्यायची आहे. दिवस ठरवूनच आला होता. मी नाही म्हटलं. नाही म्हणायला मी तुमच्याकडून शिकले. पण नीट शिकले की अर्धवट, हे विचारायला आता दुसरं कोणी उरलं नाही, म्हणून तुम्हाला लिहिते आहे.

वेसाव्याच्या रस्त्यावरच्या त्या वाडीवाल्या बाबांपासून सुरुवात करायला हवी. मी दहा वर्षांची असेन. आठवडाभर वांद्र्याच्या कॉन्व्हेंटात राहायची आणि शनिवारी घरी यायची. डॉक्टर मुलीला बाटवणार, असं सगळी अंधेरी बोलत होती. बाबा मात्र मला मडमीण म्हणायचे. "काय मडमिणी, आज गोऱ्या बायांनी काय शिकवलं?" असं विचारायचे आणि खिशातून जाम काढून द्यायचे, गुलाबी, पाणीदार. त्यांच्या पोटात पाणी व्हायचं. तुम्ही नळी घालून ते काढायचात, थोडे दिवस बरे जायचे, की पोट पुन्हा फुगायचं. एकदा पाणी काढून झाल्यावर ते तुम्हाला म्हणाले होते, "डॉक्टर, आता पुरे. पुढल्या खेपेला नुसते गप्पा मारायला या." हे मला तेव्हा माहीत नव्हतं.

त्या शनिवारी तुम्ही त्यांच्याकडे निघालात आणि बॅग बाकावरच राहिली. कंपाउंडर जेवायला गेला होता. मी दारात उभी राहून बघते आहे, तुम्ही वळणापर्यंत पोचलात, हात मोकळे, छत्रीसुद्धा नाही. डॉक्टर बॅग विसरला म्हणजे पेशंट मरणार, एवढंच मला सुचलं. मी ती दोन्ही हातांनी उचलली आणि धावत सुटले. बॅग गुडघ्यांवर आपटत होती, आत बाटल्या वाजत होत्या. वाडीच्या घरात शिरले तर तुम्ही खाटेच्या पायथ्याशी बसलेले, आणि बाबा तुम्हाला सांगत होते की विहिरीजवळचा आंबा एक वर्षाआड का धरतो. भिंतीपाशी त्यांचे सगळे मुलगे, सुना मान खाली घालून उभ्या.

"नाना, बॅग विसरलात!" मी धापा टाकत म्हटलं.

खोली एकदम बदलली. थोरला मुलगा पुढे आला. "बॅग आली! अगं, पाणी ठेवा उकळायला! डॉक्टर, तुम्ही म्हणालात आता करण्यासारखं काही नाही. मग ही पोर काय उगाच धावत आली? आहे ना अजून काहीतरी?" थोरल्या सुनेनं माझ्या तोंडावरून हात फिरवून स्वतःच्या कानशिलांवर बोटं मोडली. तुम्ही बॅगेकडे बघितलंत, मग बाबांकडे. मला वाटलं होतं तुम्ही शाबासकी द्याल.

बाबांनी डोळे मिटले. "करा डॉक्टर," ते म्हणाले. "पोरांना बघवत नाही ना. मग करा."

तुम्ही कोट काढून बाह्या वर सारल्यात आणि मला बाहेर बसवलंत.

परत येताना बॅग तुम्ही घेतली होती. "तुला बॅग आणायला कोणी सांगितलं होतं?" एवढंच म्हणालात, पण असा आवाज मी तुमच्या तोंडून पूर्वी ऐकला नव्हता. मी रडायला लागले. ओढ्यावरच्या मोरीपाशी आल्यावर तुम्ही कठड्यावर बसलात आणि मलाही बसवलंत. म्हणालात, "मी बॅग विसरत नाही गं. काही घरी मी ती ठेवून जातो. बॅग घेऊन दारात उभा राहिलो की घरच्यांना वाटतं, अजून काही करता येईल. आणि ती एकदा उघडली की मलाही तसंच वाटायला लागतं."

"मग तिथे जाऊन करता काय?"

"बसतो."

"नुसते?"

"नुसतं बसणं सोपं वाटतं काय तुला? बसून बघ एकदा."

पुढे माझ्या लक्षात येत गेलं की हे सगळ्या गावाला ठाऊक होतं. 'डॉक्टर मोकळे आले' असं आळीत कुणी म्हणालं की बायका आवाज खाली करायच्या आणि सासरी गेलेल्या मुलींना निरोप जायचे. ठाऊक नव्हतं ते फक्त डॉक्टरांच्या मुलीला.

बाबा त्यानंतर बरेच दिवस राहिले. पाठीला जखमा झाल्या. कण्हणं रस्त्यापर्यंत ऐकू यायचं, आणि मी कानांत बोटं घालून त्या घरावरून जायची. एका संध्याकाळी मात्र त्यांनीच मला आत हाक मारली. त्यांना उशांवर टेकवून बसवलं होतं. वेदना जरा कमी असाव्यात. म्हणाले, "काय मडमिणी, तूच ना ती पेटी आणलीस? अडकवलंस मला. बस आता इथे, मी अडकलोय तर तूही अडक." मग त्यांनी सुनेला जाम धुऊन आणायला सांगितले. आम्ही दोघांनी ते खाल्ले, आणि त्यांनी मला प्रत्येक झाडाची भांडणं सांगितली, कुठल्या भावानं कुठली फांदी तोडली आणि मग किती वर्षं तो ह्यांच्याकडे जेवायला आला नाही. मी हसून हसून खाटेवरून पडायची राहिले. ते गेल्यावर मी तुम्हाला विचारलं की ती संध्याकाळ माझ्या बॅगेमुळेच मिळाली ना. तुम्ही म्हणालात, "मिळाली. पण बाकीच्या दिवसांचं मोल त्यांनी दिलं, तू नाही." मी आजही त्या संध्याकाळच्या बाजूनं एकदा आणि तुमच्या बाजूनं एकदा विचार करते. दोन्ही खरं वाटतं.

कॉन्व्हेंटात आम्हाला संध्याकाळच्या प्रार्थनेत चांगलं मरण मागायला शिकवत. मी ते घरी म्हणून दाखवलं तेव्हा आईनं हातातली पळी खाली ठेवली. "एवढ्या एवढ्या पोरींना मरण मागायला लावतात? अहो, काढा हिला तिथून!" तुम्ही जेवता जेवता म्हणालात, "चांगलं मागतायत ना? वाईट तर सगळ्यांना न मागताच मिळतं. भात वाढ." आई दिवसभर तुमच्याशी बोलली नाही. म्हणजे बोलली, पण माझ्यामार्फत.

तुमचं आणि आईचं भांडण हे आमच्या घरातलं घड्याळ होतं. चहात साखर कमी, पंचा ओला, व्हिजिटवरून यायला उशीर, पेशंटनं फीऐवजी दिलेला फणस कापायचा कुणी. तुमची छाती भरून यायला लागली, पाय सुजले, उशांवर टेकून बसल्याशिवाय झोप येईना, तेव्हाही ते चालू होतं. सांताक्रूझचे तुमचे डॉक्टर मित्र रोज बॅग घेऊन यायचे. मी ह्यांच्याबरोबर मोटार ठरवून गिरगावातून आले, तुम्हाला मुंबईच्या हॉस्पिटलात न्यायला. मी सगळी तयारी केली होती, गाडीत उशासुद्धा ठेवल्या होत्या. तुम्ही माझ्याकडे बघून हसलात. "पुन्हा बॅग घेऊन आलीस का गं?"

मी चिडले. आई तर तुमच्यावर ओरडलीच. "जन्मभर लोकांच्या उंबऱ्यावर धावलात, आणि स्वतःच्या वेळेला नको? आमचं काय?" तुम्ही तिचं सगळं ऐकून घेतलंत आणि मित्राकडे वळून सौदा केलात. "हिच्याशी भांडता येतंय तोवर तू औषध दे, इंजेक्शन दे, काय हवं ते कर. भांडता येईना झालं की बॅग बाहेर ठेवून ये." मित्र म्हणाले, "आणि ते ठरवणार कोण?" तुम्ही आईकडे बोट दाखवलंत. "तीच. तिच्याइतकं कोणाला कळणार?"

मोटार मी परत पाठवली, आणि राहिले. पुढचे दिवस तुम्हाला माहीत आहेत, पण एक गोष्ट तुमच्या पाठीमागे झाली ती सांगते. एका सकाळी आईनं तुमच्या चहात मुद्दाम साखर घातली नाही. मी चुलीपाशी होते, मी बघितलं. तिनं कप तुमच्या ओठांना लावला, तुम्ही घोट घेतलात, आणि तिच्याकडे बघून नुसते गोड हसलात. ती थांबून राहिली. म्हणाली, "साखर नाहीये त्यात." तुम्ही मान हलवलीत, चालेल म्हणून. मग ती उठली, पदरानं हात पुसले, आणि उंबऱ्यापाशी जाऊन ओटीवर चपला काढत असलेल्या तुमच्या मित्राला म्हणाली, "भाऊजी, ती बॅग बाहेरच राहू दे." ती रडली नाही. ते आत येऊन तुमच्याजवळ बसले, आणि आईनं त्या दिवशी पहिल्यांदा तुमच्या पायांशी बसून तुमच्याशी लाडानं बोलायला सुरुवात केली. जन्मभरात मी तिचा तो आवाज ऐकला नव्हता.

हे सगळं मी गेल्या महिन्यात मुलाला सांगितलं. तो पलंगाच्या कडेवर बसला होता, टाय सैल करून. ऐकलं त्यानं, कारण तो चांगला मुलगा आहे, पण हात सारखे टायशी चाळा करत होते.

"आई, नानांच्या वेळी होतं काय? मिक्श्चर आणि पाणी. आज पेनिसिलिन आहे, रक्त देता येतं, भूल चांगली आहे. ते आज असते ना, तर त्यांनी स्वतः मला ऑपरेशन करायला सांगितलं असतं."

"सांगितलंही असतं. गेल्या वर्षी मी नाही म्हटलं का?"

"मग आता काय झालं?"

"तू सांग. किती दिवस मिळतील?"

तो डॉक्टरांच्या आवाजात म्हणाला, "काही महिने. कदाचित जास्त."

"त्यातले उशांवर टेकून जाम खाण्याचे किती?"

"आई, प्लीज."

मला त्याची दया आली, नाना. तुमच्याकडे निदान बॅग ठेवायला बाक होतं. ह्याची बॅग म्हणजे एवढं मोठं हॉस्पिटल, ते तो कुठे ठेवून येणार? मी त्याचा हात धरला आणि माझा सौदा सांगितला. दुखण्यावर औषध दे, झोपेचं दे, आणखी काय ते दे. कापायचं नाही. आणि हेही कुठवर, तर जोवर माझा अंबाडा मी माझ्या हातानं घालते आहे तोवर. त्यानंतर मला हॉस्पिटलात न्यायचं नाही, नळ्या लावायच्या नाहीत, इथेच राहू द्यायचं.

तो उठून उभा राहिला. "अंबाडा? मी केसांवरून ठरवायचं?"

"तुझे आजोबा भांडणावरून ठरवत होते. आमच्या कॉन्व्हेंटातल्या सिस्टर रोज सकाळी भांग तपासत, वाकडा असला तर पुन्हा. पन्नास वर्षांत माझे केस दुसऱ्या कुणी विंचरले नाहीत. तेवढं माझं आहे."

"आणि अंबाडा सुटला हे कोण सांगणार?"

दारात सून उभी होती, दुधाचा पेला घेऊन. किती वेळ उभी होती कोण जाणे. "मी सांगेन," ती म्हणाली. "मी असते ना इथे."

"तू तिचीच बाजू घेतेयस."

"हो. तुमच्या बाजूला अख्खं हॉस्पिटल आहे."

तो जेवला नाही, लवकर निघून गेला. पुढच्या रविवारी आला तेव्हा ऑपरेशनची गोष्ट काढली नाही. माझी नाडी बघितली, गोळ्या बदलल्या, आणि मग खुर्ची ओढून समोर बसला. पेपर उघडायचा, मिटायचा, घड्याळ बघायचा. त्याला नुसतं बसायची सवय नाही, पण बसला. मी मुद्दामच त्याला मदत केली नाही.

आता वाटण्याचं. आईच्या मोत्यांच्या कुड्या सुनेला. त्या तिला शोभत नाहीत, तिचे कान लहान आहेत, पण दुसरीला देववत नाहीत. तांब्याचं मोठं घंगाळ धुण्याभांड्याच्या बाईला. तिनं कधी मागितलं नाही, पण ते ती सगळ्यांत शेवटी घासते आणि त्याला सगळ्यांत जास्त वेळ देते. कॉन्व्हेंट सोडताना मोठ्या सिस्टरनी दिलेला लेसचा टेबलक्लॉथ मागच्या गल्लीतल्या ख्रिस्ती शेजारणीच्या धाकटीला. ती क्रोशे शिकते आहे, आणि तिचे टाके माझ्यापेक्षा सारखे येतात. पितळी दिवे देवाजवळच राहू देत. माझ्या नऊवारी कोणाला नकोतच, त्यांच्या गोधड्या कराव्यात, आणि एक शिंप्याच्या आईला द्यावी. तिला थंडी फार वाजते.

मुलाला काय द्यायचं ते अजून सुचत नव्हतं. त्याच्याकडे सगळं आहे, आणि जे त्याला हवं होतं ते मी दिलं नाही.

आणि एक सांगायचं राहिलं. ह्या आठवड्यात काही सकाळी माझा हात खांद्याच्या वर गेलाच नाही. अंबाडा सुनेनं घातला. मी तिच्याकडे आरशातून बघितलं आणि म्हटलं, "सांगणार ना त्याला?" तिनं आकडा तोंडात धरला होता, तो काढून केसांत खोवला आणि म्हणाली, "काय सांगू? तुम्हीच तर घातलात." मी गप्प बसले, नाना. आईनं उंबऱ्यापाशी जे केलं ते मला अजून करवत नाही. मला आणखी थोडे दिवस हवे आहेत. चिकू भरले आहेत, उतरवायला माणूस सोमवारी येणार आहे.

म्हणून मुलाला चिकूंची पहिली टोपली. सगळे कच्चे, कडक, चीक पुसून, तांदळात ठेवायला. लहानपणापासून त्याला धीर नाही, रोज एकेक काढून दाबून बघतो आणि मऊ व्हायच्या आधीच डाग पाडतो. त्याला सांगायचं, हात लावू नकोस. पिकतील तेव्हा वासावरून कळेल.